निदान आणि उपाय : कृत्रिम हृदयझडपेच्या जुळणीतून दिसणारी एक विचारपद्धती

१

'निदान' हा शब्द मराठीत निरनिराळ्या अर्थांनी वावरतो. वैद्याने रोग ओळखला म्हणजे त्याने निदान केले, असे आपण म्हणतो. संस्कृत वैद्यकात मात्र या शब्दाचा पहिला अर्थ रोगाची ओळख हा नसून रोगाचे आदिकारण हा आहे. शिवाय 'निदान एवढे तरी कर' असे म्हणताना आपण तोच शब्द 'किमानपक्षी' या अर्थाने योजतो. कारण, ओळख आणि किमान अपेक्षा हे तीन अर्थ एका शब्दात एकवटलेले पाहिले, की ज्या विषयाची येथे चर्चा करावयाची आहे त्याच्या मुळाशीच आपण येऊन पोहोचतो.

चरकसंहितेच्या निदानस्थानात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. निदान म्हणजे कारण. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची अंधुक चिन्हे आणि रूप म्हणजे प्रकट लक्षणे. एखादे औषध वा पथ्य देऊन पाहिल्यावर आराम पडतो की नाही, यावरून रोगाची जी पारख होते ती उपशयाने होते. आणि कारणापासून लक्षणापर्यंतचा जो प्रवास शरीरात घडतो, ती संप्राप्ती. या पाच संज्ञांचे महत्त्व त्यांच्या संख्येत नाही. त्या एकमेकींपासून वेगळ्या राखल्या आहेत, यात आहे. लक्षण म्हणजे कारण नव्हे, आणि कारण कळले म्हणून ते लक्षणापर्यंत कसे पोहोचले हेही कळले असे होत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय आयुर्वेद नव्हे. वैद्यकीय उपकरणांच्या जुळणीत दोष उद्भवू लागले म्हणजे त्यांचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा आणि ते कसे दूर करावेत, याची एक सुघटित पद्धती गेल्या शतकात विकसित झाली. प्राचीनांना ती ठाऊक होती असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु या पद्धतीचे मर्म मराठी वाचकाला समजावून देताना वरील पाच संज्ञा फार उपयोगी पडतात. कारखान्यातील चौकशी फसते ती बहुधा या पाचांची सरमिसळ झाल्यामुळेच, हे आपल्याला पुढे कृत्रिम हृदयझडपांच्या दोन इतिहासांवरून दिसेल.

२

या पद्धतीचा उगम अमेरिकेत झाला. टेलिफोनच्या उपकरणांच्या उत्पादनाचा अभ्यास करीत असता वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही प्रक्रियेत थोडाफार चढउतार असतोच. त्यातला कोणता स्वाभाविक आणि कोणता एखाद्या विशिष्ट कारणाने घडलेला, हे वेगळे ओळखण्याचे ते साधन होते. पूर्वरूप ओळखण्याचीच ही युक्ती म्हणावी लागेल. कारण माल सदोष निघण्यापूर्वीच आलेख बिघाडाची चाहूल देतो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७–४८ मध्ये भारतात येऊन गेले, आणि कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या द्वारा ही विद्या आपल्याकडे लवकरच रुजू लागली. १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग यांनी तीच जपानी उद्योजकांपुढे मांडली. जपानात तिला नवी अंगे फुटली. काओरू इशिकावा यांनी माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी कारण-परिणाम आकृती रूढ केली. तिच्या एकेका काट्यावर माणूस, यंत्र, माल आणि पद्धत यांपैकी एकेकाशी निगडित अशी संभाव्य कारणे मांडतात. टोयोटा कारखान्यातील ताइइची ओनो यांनी 'असे का?' हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारण्याचा परिपाठ घातला, तर शिगेओ शिंगो यांनी चूक होण्याची संधीच उरू नये अशी साधने योजण्याला 'पोका-योके' हे नाव दिले.

ही साधने वापरण्याचा क्रम साधारणपणे असा असतो. प्रथम दोषाचे नेमके वर्णन करावयाचे: काय, कोठे, केव्हा, किती. त्यानंतर सदोष माल रुग्णापर्यंत पोहोचणार नाही असा तात्पुरता अटकाव करावयाचा. मग संभाव्य कारणे मांडून त्यांतले खरे कोणते ते प्रयोगाने पडताळावयाचे, त्यावर उपाय योजावयाचा, त्याचा परिणाम मोजावयाचा आणि शेवटी तो उपाय नित्याच्या कामात कायम करावयाचा. वाचताना हे सारे सामान्य व्यवहारज्ञान वाटते. परंतु वर्णनाच्या आधी कारण सांगून मोकळे होण्याचा आणि पडताळ्याच्या आधी उपाय करून टाकण्याचा मोह किती प्रबळ असतो, हे प्रत्यक्ष उदाहरणाशिवाय ध्यानात येत नाही.

सलाइन देण्याच्या नळीचा संच घेऊ. त्यात लवचीक नळी आणि ठिबकपात्र यांचा जोड पुष्कळदा सायक्लोहेक्झॅनोनसारख्या द्रावकाने करतात. नळीचे टोक द्रावकात बुडवून पात्राच्या तोंडात बसवले की प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मऊ होऊन दोन्ही भाग एकजीव होतात. समजा, अशा एका कारखान्यात काही संच गळू लागले. पर्यवेक्षकाचे पहिले उत्तर ठरलेले असते: 'कामगार नीट बुडवत नाहीत.' उपायही ठरलेला असतो: ताकीद आणि आणखी एक तपासनीस.

सुघटित पद्धती येथे थांबण्यास नकार देते. गळके संच वेळेनुसार वेगळे काढले आणि ते मुख्यतः दुपारनंतरचे आहेत असे दिसले, म्हणजे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. जे हात सकाळी निर्दोष काम करतात ते दुपारी निष्काळजी कसे होतात? असे का, म्हणून विचारत गेले की कळते, भांड्यातला द्रावक दिवसभरात उडून जातो आणि त्याची पातळी खाली जाते. त्यामुळे नळी पूर्वीइतक्याच खोलीवर नेली तरी तिचे टोक पुरेसे भिजत नाही. पातळी का घटते? भांडे उघडे असते आणि ते केव्हा भरावे याचा नियम नाही. नियम का नाही? कारण ही प्रक्रिया ठरवताना कोणी द्रावकाच्या पातळीला महत्त्वाची बाब मानलेच नव्हते.

आता याचा पडताळा घ्यावयाचा. सकाळीच मुद्दाम पातळी उतरवून काही जोड करावेत आणि दुपारी भांडे भरून काही करावेत. पहिले गळले आणि दुसरे टिकले, तर कारण सिद्ध झाले. हाच उपशय. मग उपायही आपोआप वेगळा सुचतो. ताकीद देण्याऐवजी ठरावीक मात्रेत द्रावक लावणारे साधन बसवावे, म्हणजे पातळीचा प्रश्नच उरत नाही. या उदाहरणातले गळके संच निदान डोळ्यांना दिसत तरी होते. खरी कसोटी लागते ती जेथे दोष बाहेरून दिसतच नाही तेथे.

३

हृदयाची कृत्रिम झडप हे अशा उपकरणाचे ठळक उदाहरण होय. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आणि वर्षाकाठी चार कोटींच्या आसपास धडधडते, आणि प्रत्येक ठोक्याला झडप एकदा उघडून एकदा मिटते. कलत्या चकतीच्या झडपेची रचना वरवर साधी असते: धातूचे एक कडे, त्याला दोन बाजूंनी आधार देणाऱ्या बारीक तारेसारख्या दांड्या, त्यांच्यामध्ये मोकळेपणी कलणारी एक चकती, आणि हृदयाच्या स्नायूला शिवून टाकण्यासाठी कडेभोवती कापडाची किनार. दांडी मोडली की चकती निसटते, आणि त्यानंतर रुग्णाच्या हाती फारच थोडा अवधी राहतो.

स्वीडनचे शल्यवैद्य विकिंग ब्यर्क आणि अमेरिकेतील अभियंता डोनाल्ड शायली यांच्या नावाने ओळखली जाणारी झडप १९६९ पासून वापरात होती आणि तिचा लौकिक चांगला होता. रक्ताचा प्रवाह अधिक सुरळीत व्हावा आणि गुठळ्या होण्याचा धोका कमी व्हावा म्हणून तिच्यात फेरबदल करून बहिर्गोल-अंतर्गोल चकतीची नवी झडप तयार करण्यात आली. अमेरिकेत तिला १९७९ मध्ये मान्यता मिळाली. या झडपेत एक दांडी कड्याचाच भाग होती, परंतु दुसरी, म्हणजे रक्त बाहेर पडण्याच्या बाजूची, दोन टोकांशी वेल्डिंग करून जोडलेली होती. चकती बसवताना ही दांडी वाकवून पुन्हा जागेवर आणावी लागे.

दांडी मोडल्याची पहिली घटना १९७८ मध्ये, रुग्णांवरील चाचणीच्या काळातच घडली होती. चरकाच्या भाषेत हे पूर्वरूप होते. परंतु तिच्याकडे पाहिले गेले ते एक सुटे प्रकरण म्हणून. पुढे घटना वाढत गेल्या, तेव्हा वेल्डिंगच्या रीतीत बदल झाले, तपासणी वाढवण्यात आली, आणि तडे दिसलेल्या जोडांवर पुन्हा वेल्डिंग करण्यात आले. यांपैकी प्रत्येक गोष्ट उपाय म्हणूनच केली गेली होती. तरीही १९८६ मध्ये ही झडप बाजारातून काढून घेतली जाईपर्यंत जगभर सुमारे ८६,००० रुग्णांच्या हृदयात ती बसवली गेली होती, आणि दांडी मोडल्याच्या सहाशेहून अधिक घटनांची कालांतराने नोंद झाली. त्यांतल्या बहुसंख्य प्राणघातक ठरल्या.

येथे दोन प्रश्न वेगळे करावयास हवे होते. जोड सदोष का होतो, हा एक. आणि त्या जोडावर एवढा ताण येतोच का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा रोख कारागिराच्या हाताकडे, भट्टीकडे आणि तपासनिसाकडे जातो. दुसऱ्याचा रोख रचनेकडे जातो. नंतरच्या संशोधनात असे दिसून आले, की काही परिस्थितीत ही चकती मिटताना किंचित जास्त फिरते आणि क्षणमात्र दांडीच्या टोकावर आदळते. त्या आघाताने दांडी वाकते, आणि वाकण्याचा सारा ताण तिच्या मुळाशी, म्हणजे नेमका वेल्डिंगच्या जागी एकवटतो. कोट्यवधी आघातांनंतर धातू थकतो. प्रथम एक पाय तुटतो. झडप तशीच काम करीत राहते आणि रुग्णाला काही कळत नाही. मग दुसरा पाय तुटतो. ही संप्राप्ती होती. ती उलगडली नसल्यामुळे वेल्डिंग सुधारण्याचे सारे प्रयत्न तिच्या एका टोकाशीच घोटाळत राहिले.

वेल्डिंगचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. जोड खरोखर पक्का झाला की नाही, हे तो मोडून पाहिल्याशिवाय पूर्णपणे सांगता येत नाही, आणि मोडलेली झडप रुग्णाला देता येत नाही. म्हणून अशा कामात तयार वस्तूची तपासणी कधीही पुरेशी ठरत नाही. काम करण्याची रीतच आधी सिद्ध करावी लागते. वैद्यकीय उपकरणांच्या आजच्या नियमांत हे तत्त्व स्पष्टपणे नमूद आहे. ज्या कामाचा परिणाम नंतरच्या तपासणीने पूर्णपणे पारखता येत नाही, त्याची प्रक्रिया आधी प्रमाणित केली पाहिजे, असा दंडक अमेरिकेने १९९६ च्या नियमावलीत घातला, आणि आंतरराष्ट्रीय मानकांतही तो आहे. निर्जंतुकीकरण आणि वेष्टन बंद करणे ही कामेही याच वर्गात मोडतात.

या प्रकरणाची अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीने चौकशी केली आणि १९९० मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. फेरवेल्डिंगच्या नोंदी विश्वासार्ह नसल्याचे आक्षेपही त्या काळात पुढे आले. १९९२ मध्ये रुग्णांच्या दाव्यांबाबत तडजोड झाली. परंतु खरी अडचण ज्यांच्या छातीत ती झडप होती त्यांची होती. झडप राहू द्यावी तर दांडी मोडण्याचा धोका. काढावी तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका. रुग्णाचे वय, झडपेचा आकार, हृदयातील तिची जागा आणि तिचे वेल्डिंग कोणत्या काळात झाले होते, यांवरून धोक्याचे गणित मांडून वैद्यांना प्रत्येकासाठी निर्णय घ्यावा लागला. कारखान्यातल्या एका नोंदीतली तारीख अशा रीतीने एखाद्याच्या आयुष्याचा निर्णय ठरवू लागली.

४

याच सुमारास तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत कलत्या चकतीची भारतीय झडप घडवण्याचे प्रयत्न चालू होते. घशाच्या साध्या संसर्गातून उद्भवणाऱ्या संधिवाती ज्वरामुळे झडपा निकामी झालेले तरुण रुग्ण आपल्याकडे फार, आणि परदेशी झडपेची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची. शल्यवैद्य मार्तंड वर्मा शंकरन वलियथन आणि अभियंता जी. एस. भुवनेश्वर यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. शस्त्रक्रियागृह आणि यंत्रशाळा एकाच संस्थेच्या छत्राखाली असणे, हे तिचे वैशिष्ट्य होते. १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

पहिल्या नमुन्यात दांडी वेल्डिंगने जोडलेली होती. प्रयोगशाळेतील यंत्रावर, जेथे झडप हृदयापेक्षा कितीतरी अधिक वेगाने उघडमीट करते, ती दांडी जोडाजवळ धातू ठिसूळ होऊन मोडली. म्हणजे अपयशाची जागा तीच होती: वेल्डिंगचा जोड. येथेही तपासण्या वाढवणे किंवा वेल्डिंगची रीत सुधारत राहणे शक्य होते. परंतु प्रश्न असा विचारला गेला, की हा जोड असावाच का? पुढच्या रचनेत कडे आणि दांड्या धातूच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढण्यात आल्या. जोड सुधारला नाही. जोड नाहीसाच केला. शिंगो यांच्या तत्त्वाचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

तरीही काम तेथे संपले नाही. दुसऱ्या नमुन्यात टायटॅनियमच्या कड्यात कृत्रिम नीलमाची चकती बसवली होती. ती मोडली नाही, परंतु कठीण नीलमाच्या घर्षणाने धातूची झीज मर्यादेबाहेर गेली. तिसऱ्यात धातू बदलून अधिक कणखर असा कोबाल्टचा मिश्रधातू घेण्यात आला. झिजेचा प्रश्न सुटला, पण प्राण्यांवरील प्रयोगात चकतीच फुटली. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-मिश्रधातूची चौकट कायम ठेवून चकती मात्र अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची करण्यात आली. हा पदार्थ कठीण नाही. तो चिवट आहे. वरवर पाहता नीलमाच्या जागी प्लॅस्टिक घेणे हे पाऊल मागे घेतल्यासारखे वाटते. परंतु तीन नमुन्यांनी शिकवलेली गोष्ट हीच होती, की येथे प्रश्न एकेका भागाच्या काठिण्याचा नसून दोन भागांच्या परस्परसंबंधाचा आहे.

या चारही पायऱ्यांत पद्धतीची सारी अंगे दिसतात. प्रत्येक अपयशाचे वर्णन स्वतंत्रपणे केले गेले: एकदा जोड तुटला, एकदा धातू झिजला, एकदा चकती फुटली. 'झडप निकामी झाली' एवढ्यावर तिन्ही प्रकरणे मिटवली असती, तर तिन्हींचा उपाय एकच राहिला असता. प्रत्येक वेळी जे दोषी ठरले तेवढेच बदलले आणि जे निर्दोष ठरले ते ठेवले. आणि प्रत्येक बदलाची परीक्षा माणसाच्या हृदयात होण्याआधी यंत्रात आणि प्राण्यांत झाली. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा एका रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. पुढे अनेक रुग्णालयांत मिळून ३०६ रुग्णांवर तिचा अभ्यास झाला, टीटीके-चित्रा या नावाने तिचे नियमित उत्पादन सुरू झाले, आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत.

दोन्ही इतिहासांची तुलना करताना न्यायबुद्धी सोडता कामा नये. एका बाजूला बाजारात गेलेले उत्पादन होते, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेतला नमुना. प्रयोगशाळेत थांबणे सोपे असते, बाजारातून माघार घेणे कठीण. शिवाय शायली कंपनीनेही पुढे वेल्डिंगविरहित दांडीची झडप तयार केलीच. फरक बुद्धिमत्तेचा नव्हता. दोष दिसल्यावर चौकशी कोणत्या पायरीवर थांबू दिली गेली, एवढाच तो होता.

५

या विषयाचा भाषेशी असलेला संबंध शेवटी सांगितला पाहिजे. दोषाची चौकशी ही आरंभी वर्णनाची कला असते, आणि वर्णन शब्दांनी होते. यंत्रावर बसणारा कामगार म्हणतो, 'जोड कच्चा राहतो', 'नळी बसताना ओढ लागते', 'दुपारी माल सुकतो'. या प्रत्येक वाक्यात जागा, वेळ आणि अनुभव आहे. तेच वाक्य कचेरीच्या नोंदवहीत जाते तेव्हा त्याचे 'कामगाराची चूक' असे एका संकेतात रूपांतर होते. त्या रूपांतरात रूप गळून पडते आणि त्याच्या जागी एक तयार निदान येऊन बसते. इशिकावा यांनी १९६२ पासून जपानात गुणवत्ता-मंडळांची चळवळ उभी केली, आणि १९८० नंतर हैदराबादच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सपासून ती आपल्याकडे सुरू झाली. प्रत्यक्ष काम करणाऱ्यानेच, स्वतःच्या शब्दांत, दोष सांगावा हा तिचा मुख्य आशय होता. आपल्या देशात हे शब्द मराठी, तमिळ, मल्याळम किंवा हिंदी असतात, तर नोंदवह्या बहुधा इंग्रजीत असतात. हा भाषांतराचा प्रश्न आहे, आणि तो केवळ साहित्याच्या अभ्यासकांनी सोडवावा इतका किरकोळ नाही.

डॉ. वलियथन यांनी निवृत्तीनंतर चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांचा अभ्यास करून त्या प्रत्येकावर एकेक मोठा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. ते २०२४ मध्ये निवर्तले. ज्याने मोडलेल्या दांडीचे कारण शोधले त्यानेच पुढे निदानस्थानाकडे वळावे, यात फारसे आश्चर्य नाही. उपकरण बनवणारा आणि रोग पारखणारा या दोघांपुढेही एकच काम असते. दिसते त्याला कारण समजू नये, सापडले त्याला सिद्ध समजू नये, आणि ज्याच्या हातून चूक घडली त्याच्यापाशी चौकशी थांबवू नये. जेथे दुसऱ्याच्या हृदयाचा प्रश्न आहे, तेथे निदान एवढी अपेक्षा रास्तच आहे.